दाजींची दुसरी आरोळी

आमच्या दाजींना एका जागी बूड टेकायला सांगणं म्हणजे म्हशीला जिना चढवणं. आकाराम त्यांचं नाव. माझ्या अक्काचे मालक. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत सव्वीस वर्षं भट्टीवर काढलेला माणूस. लोखंडाचा रस तापला की बसून चालत नाही, आणि त्या धडधडाटात हळू बोललेलं कुणाला ऐकू जात नाही. म्हणून उभं राहायचं आणि वरडायचं, दोन्ही अंगवळणी पडलेलं. दाजींनी घरात मीठ मागितलं तर शेजारीण वाटी घेऊन यायची, असला आवाज.

पण गेली दोन वर्षं हा माणूस वरडलाच नव्हता. बसायचा मात्र अजूनही नाही, उलट जास्तच बिघडलं. जेवताना मधेच उठून फाटकाची कडी बघून यायचं. भरलेल्या पिंपात परत नळी सोडायची. अक्का वैतागून म्हणायची, "अवो, हरवलंय तरी काय तुमचं?" दाजी परत फाटकाकडं निघायचे. काय हरवलंय ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

राजवीर. एकुलता एक पोरगा. आठव्या वर्षी दाजींनी त्याला तालमीत घातला. पहाटे उठवायचं, बदाम सोलायचे, थंडाई घोटायची, सगळं स्वतः. पोरगं मैदानात उतरलं की हे कडेला उभे. आता आमच्या कोल्हापुरात कुस्ती बघणारा गप्प बसला तर शेजारचा विचारतो, "पावणं, तब्येत बरी हाय न्हवं?" इथं निम्मी कुस्ती बघणाराच करतो. त्यात दाजींचा आवाज हजारात ओळखू यायचा.

दोन वर्षांपूर्वी राधानगरीकडच्या एका गावच्या जत्रेत राजवीरची कुस्ती नेमली होती. मी होतो तिथं. डावातनं सुटता सुटता पोराचा उजवा गुडघा फिरला आणि ते मातीत आडवं झालं. पंच वाकून विचारत होते, "थांबवू काय?" राजवीरनं मान वर करून बापाकडं बघितलं.

दाजी वरडले, "थांबवायचं न्हाई! ऊठ! ऊठ, राजवीर!"

पोरगं उठलं. आणि मिनिटभरात गुडघा असा गेला की दोन ऑपरेशनं झाली तरी अजून पाय सरळ पडत नाही. कुस्ती संपली. दवाखान्यातनं सुटल्यावर राजवीर मलकापूरला गेला, तिथं दूध संस्थेत नोकरीला लागला. महिन्यातनं एकदा आईला भेटायला यायचा, ते पण बापाची ड्युटी बघून. दाजींशी एक शब्द नाही. 'आबा' ही हाकसुद्धा त्यानं तोंडातनं काढून टाकली. आणि दाजींनी तरी 'चुकलं' म्हणावं की नाही? नाव नको! मोडेन पण वाकणार नाही. मी म्हणतो, वाकून कुणाची कंबर मोडली आजवर?

तर गेल्या महिन्यात शहरात एक नाटक आलं. त्यात सिनेमातली दोन बडी माणसं. एक हिरो, ज्याच्यापायी अक्कानं लग्नाआधी कॉलेज बुडवलेलं, आणि एक हल्लीची हिरोईन. अक्कानं मला फोन केला. "बंड्या, रविवारी दुपारी चारचा प्रयोग हाय. चार तिकिटं काढ. मी, तू, राजू आन् हे. जो न्हाई म्हणंल त्याच्या हातचं पाणी पिणार न्हाई मी." अक्काचं असलं बोलणं आलं की आमच्या घरात कुणाची टाप नाही.

जाहिरात मी नीट वाचली नाही, हे कबूल करतो. सिनेमातली माणसं आहेत, म्हणजे गाणी असतील, हसायला येईल, तेवढ्यात बाप-लेक जरा सैल पडतील, असा माझा हिशोब. बसायचा क्रम अक्कानं लावला. आतल्या बाजूला राजवीर, मग ती, मग मी, आणि वाटेच्या कडेला दाजी, म्हणजे उठून जायला बरं. बाप-लेकाच्या मधे आम्ही दोघं भावंडं, बांधावरच्या दगडासारखी.

पडदा उघडला तर सगळा काळोख. वर एकच पिवळा बल्ब. त्याच्याखाली हिरो, पांढरी दाढी वाढवून, काठी धरून बसलेला. "अगंबाई, किती वाळलाय," अक्का पुटपुटली. टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या, पण तो हूं की चूं नाही. हळूहळू कळायला लागलं. हा नाच शिकवणारा गुरू, आणि हिरोईन त्याची मुलगी. आपल्याला जो नाच कधी पुरा करता आला नाही तो तिनं करावा म्हणून यानं तिला खोलीत कोंडलंय. नाच पुरा झाल्याशिवाय सुटका नाही. तिचा पाय सुजलाय. ती लंगडतेय.

बंड्या, म्हटलं, मेल्या, जगातली सगळी नाटकं सोडून हेच सापडलं तुला?

तिरक्या नजरेनं बघितलं. दाजींची मांडी शिवणाच्या मशीनसारखी हलत होती. खुर्ची करकरत होती. दोनदा उठून बाहेर गेले, दोनदा परत आले. मागनं कुणीतरी म्हणालं, "ओ पावणं, एक तर आत बसा न्हाईतर भायेर ऱ्हावा की!" पलीकडं राजवीर सरळ समोर बघत होता. दोन्ही हातांनी त्यानं उजवा गुडघा धरला होता. मला वाटलं, आता हाच उठून जातोय आणि परत या घरात पाऊल टाकत नाही. अक्कानं पदराचा बोळा तोंडाशी धरलेला.

आणि तिकडं हिरोईन नाचता नाचता कोसळली. अशी पडली की पुढच्या रांगेतली बाई किंचाळली. हिरो काठी टेकत तिच्याजवळ गेला.

"ऊठ," तो म्हणाला.

ती हलली नाही.

"ऊठ."

तिनं मान वर करून बापाकडं बघितलं. तो तिसऱ्यांदा म्हणाला, "ऊठ." तिनं एक हात जमिनीवर टेकला.

माझ्या शेजारची खुर्ची थाडकन मिटली. दाजी उभे.

"उठू नकोस!"

सगळं नाट्यगृह हादरलं. दोन वर्षं कोंडलेला भट्टीवरचा आवाज तो!

"पडून ऱ्हा! उठू नकोस रं राजवीर! मी सांगतोय न्हवं, उठू नकोस!"

स्टेजवर हिरोची काठी वरच्या वर राहिली. हिरोईनचा हात तसाच जमिनीवर. कुणीतरी हसलं, कुणीतरी शिट्टी मारली, बाकी सगळे माना वळवून आमच्याकडं. दारावरचा माणूस बॅटरी घेऊन पळत आला आणि त्यानं उजेड थेट दाजींच्या तोंडावर मारला. दाजींचं तोंड अजून उघडंच होतं. गालावरनं पाणी वाहत होतं. "काका, भायेर चला," तो म्हणाला.

तेवढ्यात राजवीर उठला. अक्काच्या आणि माझ्या गुडघ्यांना अडखळत, पाय ओढत वाटेवर आला.

"बॅटरी खाली करा," तो म्हणाला. "आमचं वडील हायत."

त्यानं दाजींचा दंड धरला आणि त्यांना बाहेर नेलं.

मी उठायला लागलो तर अक्कानं मनगट पकडलं. "तू बस गप." पण माझ्यानं बसवतंय होय? पाणी पिऊन येतो म्हणालो. "तहान लागायची हीच वेळ?" ती म्हणाली, पण हात सोडला.

बाहेर राजवीर पायरीवर बसला होता, दुखरा पाय लांब करून. दाजी समोर येरझाऱ्या घालत होते. मी दाराच्या आडोशाला थांबलो.

"तवा का न्हाई वरडलासा असं?" राजवीर म्हणाला.

दाजी थांबले. "तवा मला जिंकायचं हुतं."

"कुस्ती माझी हुती."

"व्हय. गुडघा बी तुझाच हुता." दाजींचा आवाज इतका खाली आला की मला कान द्यावा लागला. "चुकलं माझं, राजू. तू बघितलास माझ्याकडं, आन् मी ऊठ म्हणलं. चुकलं."

राजवीर खाली बघून गुडघा चोळत राहिला. मला तर बोल की लेका, असं मोठ्यानं वरडावंसं वाटत होतं. गळ्यापर्यंत आलं होतं. दात आवळून उभा राहिलो. या कुस्तीत बाहेरनं कुणी वरडायचं नव्हतं.

दाराच्या फटीतनं हिरोचा आवाज आला. नाटक परत सुरू झालं होतं. "ऊठ," तो म्हणत होता. दाजी दचकले आणि दाराकडं निघाले.

"असू द्या," राजवीर म्हणाला. "नाटक हाय ते." त्यानं शेजारच्या पायरीवर हात ठेवला. "बसा, आबा."

दाजी बसले. मध्यंतराची घंटा होईपर्यंत उठले नाहीत.