पुसलेली नळी

झुनिल्डाला तिचे वडील एलिहिओ लहानपणापासून "जाडे" म्हणूनच हाक मारत. ती मोठी होऊन बियारिका गावच्या दवाखान्यात मानसतज्ज्ञ झाली, चष्मा लावून टेबलामागे बसू लागली, तरी बाबा गार पाल्याच्या चहाचा पेला दाखवत दारातूनच ओरडायचे, "जाडे, तेरेरे घ्यायचं का?" बाहेरचे पेशंट फिदीफिदी हसायचे. ती रागावल्यासारखं करायची आणि उठून जायची.

त्यामुळे परदेशातून आलेल्या चाचणीतली पहिलीच गोष्ट वाचून तिने कपाळावर हात मारला. माणसाला दुसऱ्याचं मन कळतं की नाही, हे बघणारी ती चाचणी. छोटीशी गोष्ट सांगायची आणि विचारायचं, यात कुणी वावगं वागलं का? पहिल्या गोष्टीत एक बाई शेजारणीला म्हणते, "अगं, किती जाड झालीस!" उत्तर अपेक्षित होतं, हो, तिने शेजारणीचं मन दुखावलं. बियारिकात असं मायेनं म्हणणारीला लोक आतून खुर्ची आणून देतात!

याच चाचणीत बाबा नापास झाले होते. अलीकडे ते जरा विचित्र वागत होते खरे. मयताच्या घरी खदाखदा हसले, रडणाऱ्या बहिणीकडे पाठ फिरवून जेवत बसले. राजधानीतल्या डॉक्टरांनी चाचणी घेतली आणि मेंदूच्या आजाराची शंका काढली. त्यात म्हणे आठवण शाबूत राहते, पण दुसऱ्याचं मन कळेनासं होतं.

"बाबांना काही झालेलं नाही, ती चाचणीच खुळी आहे," झुनिल्डाने घरी ठणकावलं आणि हट्टाला पेटून आपल्या माणसांची चाचणी आपल्या ग्वारानी भाषेत लिहायला घेतली. ती त्या गोष्टी लोकांना ऐकवून पारखायला बाजारात बसायची. भाजीवाल्या पेर्लामावशी तिला झापायच्या, "कुणी फाटकाबाहेर टाळ्या वाजवून वर्दी न देता थेट आत घुसलं, आणि ते चुकलं का, हे तू मला विचारतेस? शिकून वेडी झालीस का गं?" झुनिल्डा खूश होऊन ती गोष्ट ठेवून घ्यायची.

सगळ्यांत चोख गोष्ट मात्र तिच्या अंगणातली होती. माणसं तेरेरे प्यायला गोल बसली आहेत, एकच नळी खोचलेला शिंगाचा पेला या हातातून त्या हातात फिरतो आहे, आणि पाहुणा रुमाल काढून नळी पुसतो, मग पितो. ऐकणारा प्रत्येक जण "शी!" म्हणायचा. एकाच नळीने पिणाऱ्या माणसांना तोंडावर घाणेरडं म्हणण्यासारखंच ते. आर्सेनिओमामाने एकदा तसं केलं, तर बाबांनी त्याच्याशी कित्येक महिने अबोला धरला होता. या गोष्टीवर बाबा चुकणं शक्यच नव्हतं. खरं तर तिने ती त्यांच्यासाठीच घातली होती.

रविवारी दुपारी आंब्याखाली बाबा तेरेरे करत असताना तिने ती सांगितली.

"यात कुणी वावगं वागलं का, बाबा?"

"नाही."

"नीट ऐकलंत ना? सगळ्यांच्या देखत त्याने नळी पुसली."

"ऐकलं की. बरं केलं. दुसऱ्याची थुंकी असते."

"मग आर्सेनिओमामाने पुसली तेव्हा?"

"आठवतंय ना. निळा रुमाल होता. मी चिडलो होतो."

"का चिडला होतात?"

"काय माहीत," बाबा म्हणाले.

झुनिल्डाने शून्य गुण मांडले. या वेळी दोष द्यायला परदेश नव्हता. चाचणी तिची होती, आणि चांगली झाली होती.

बाबांनी पेला भरून तिला दिला. तिने पिऊन परत केला. त्यांनी तो स्वतःसाठी भरला, सदऱ्याच्या टोकाने नळी नीट पुसली आणि प्यायले. झुनिल्डाला मोठ्याने रडावंसं वाटलं.

तेवढ्यात पेला पुन्हा भरून तिच्यासमोर आला.

"घे, जाडे. गार आहे तोवर पी."

तिने नळी न पुसता तोंडाला लावली.