तीन आयकार्डं

आमच्या ग्रंथालयात काचेच्या ग्रुप स्टडी रूम झाल्या तेव्हा आम्ही त्यांना मत्स्यालय म्हणून हसलो होतो. पण दिंडोशीच्या आमच्या घरात पाच माणसं आणि एक टीव्ही, त्यामुळे मोठ्यानं बोलून अभ्यास करायला मला दुसरी जागाच नव्हती. नियम एकच होता. काउंटरवर तीन आयकार्डं ठेवली की खोली मिळे. दोघांना मिळत नसे.

आम्ही अर्थशास्त्राच्या एम.ए.च्या वर्गातल्या तिघी. खोलीतल्या फळ्यापाशी उभी राहून आम्हा दोघींना शिकवायची ती खारदांड्याच्या कोळीवाड्यातली. तिची आई बाजारात मासळी विकायची, त्यामुळे हिचं अर्थशास्त्रही तिथूनच सुरू व्हायचं.

"पापलेट महागलं तर बाई बांगडा घेते. मीठ महागलं तर काय घेईल? कळलं का गं?"

सरांनी तास तास घालवूनही न कळलेलं आम्हाला तिथं कळायचं.

दुसऱ्या वर्षी तिच्या आईला अर्धांगवायू झाला. बाजारातली जागा रिकामी ठेवली तर हातची जाते, म्हणून ही आईच्या जागी बसू लागली. परीक्षा तोंडावर असताना ती पुस्तकं परत करायला आली आणि एम.ए.मधून नाव काढून मोकळी झाली. आयकार्डही काउंटरवर जमा केलं.

"पुढच्या वर्षी देशील ना परीक्षा?" मी विचारलं.

"बघू," ती म्हणाली. "आधी तुमचा शेवटचा धडा राहिलाय ना? चला."

काउंटरवर आमची दोनच कार्डं. तिथल्या सरांनी खणातून तिचं जमा केलेलं कार्ड काढून आमच्या कार्डांशेजारी ठेवलं.

जी परीक्षा ती देणार नव्हती, तिचा धडा तिनं आम्हाला शिकवला. नेहमीसारखाच, हातवारे करत, मध्येच माझ्या अक्षराला नावं ठेवत. मला तिचा राग येत होता. जरा तरी रडायचं ना! वेळ संपल्यावर तिनं फळा पुसला आणि बाजाराची वेळ झाली म्हणून निघून गेली.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी काउंटरवर गेलो. तिथले सर रजेवर होते. त्यांच्या जागी नवी मुलगी होती. तिनं कार्डं पाहिली आणि विचारलं, "तिसरी कुठंय?"

आम्ही कार्डं उचलली आणि मोठ्या हॉलमध्ये जाऊन बसलो. तिथं बोलायला बंदी आहे. त्या दिवशी ते बरंच झालं, तोंड उघडलं असतं तर मला रडूच फुटलं असतं.