आंबा तोडल्यावरची सावली

आधीच सांगते, भूतखेत, आत्मे, संकेत यांतलं काही मला पटत नाही. त्यात माझा धंदाच असा की विश्वास बसणं अवघड. कोल्हापुरात, राजारामपुरीत माझा छोटा स्टुडिओ आहे. लग्नाच्या अल्बमवर घर चालतं, पण जीव सगळा लँडस्केपमध्ये. पांढऱ्या फटक आभाळाच्या जागी मावळतीचे ढग बसवणं, विजेच्या तारा पुसणं, नसलेलं धुकं आणणं... हे मी चहा पिता पिता करते. त्यामुळे कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर भुताचा फोटो पाठवला, की मी आधी जोड कुठे आहे ते बघते. आणि तो सापडतोच.

या एका फोटोचा जोड मात्र मला अजून सापडलेला नाही. म्हणून लिहितेय.

आमचं गाव गडहिंग्लजच्या पुढे, कर्नाटकच्या हद्दीला लागून. घरात आई म्हणजे अव्वा आणि वडील म्हणजे अप्पा. रस्त्याच्या वळणावर, आमच्या शेताच्या वरच्या कडेला एक जुना आंबा होता. अव्वा-अप्पांनी उभा जन्म त्याच्याखाली भाकरी खाल्ली. तिथून खाली उसाचे फड दिसतात, पलीकडे नदी, आणि नदीच्या मागे निळसर डोंगर. माझे सगळ्यात चांगले फोटो तिथलेच आहेत. संध्याकाळी सूर्य पाठीशी असतो आणि समोरच्या डोंगरावर तिरपं ऊन पडतं.

आता गंमत बघा. आम्ही सगळे कायम त्या आंब्याखाली उभे राहून समोरचं टिपत आलो. त्यामुळे आंबा स्वतः एकाही फोटोत नाही. त्याची लांब सावली समोर पडायची, तीसुद्धा मी फ्रेममध्ये घेत नसे. खालचा भाग जड होतो म्हणून कॅमेरा जरासा वर उचलायची. लँडस्केपवाल्यांची ही जुनी खोड आहे, समोरचं सगळं दिसतं आणि आपण कुठे उभे आहोत ते राहून जातं.

अप्पा गेले, आणि पुढच्याच वर्षी रस्ता रुंद करताना आंबा तोडला. अव्वा तोवर माझ्याकडे कोल्हापुरात आली होती. तिला काचबिंदू आहे. समोर ठेवलेला चहाचा कप दिसतो, शेजारची बशी दिसत नाही, असं तिचं झालं होतं. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, औषधाने वेग कमी होईल, गेलेली नजर परत येणार नाही.

एका सकाळी डोळ्यांत थेंब घालून घेताना ती म्हणाली, "नजर हाय तवर आपला आंबा एकदा दाव की ग मला. तू येवढं फोटू काडतीस."

तिने माझ्याकडे आयुष्यात दुसरं काही मागितलेलं नाही. मी सगळ्या हार्ड डिस्क धुंडाळल्या. भाऊबंदांना विचारलं, लग्नाचे जुने अल्बम मागवले. कुठेही आंबा नव्हता. मला इतकी लाज वाटली आणि इतकं रडू आलं, की त्या दिवशी मी कामच केलं नाही.

मग मी मला जे येतं तेच केलं. स्टुडिओत माझ्याबरोबर अमर एडिटिंग करतो, त्याला बसवलं. पन्हाळ्याच्या वाटेवरचा एक डेरेदार आंबा आमच्याकडे होता, तो कापून गावाकडच्या फोटोत बसवला. उजेड जुळवला, रंग जुळवले. अमर म्हणाला की झाडाच्या मालकालाही ओळखू येणार नाही. अव्वाने चष्मा सारखा करून बराच वेळ बघितलं.

"झाड झ्याक हाय," ती म्हणाली, "पर ह्ये दुसऱ्याचं हाय."

ती नाराज झाली नाही. उलट माझ्या गालावरून हात फिरवला, आणि तेच मला जास्त लागलं. त्याच आठवड्यात मी एकटी गावाला गेले. झाड नाही तर निदान जागा तरी तिला नीट दाखवू, एवढाच विचार होता. रस्त्याला नवं रेलिंग लागलं होतं आणि आंब्याच्या जागी मुरमाचा भराव होता. फाल्गुनातली संध्याकाळ, तरी उन्हाचा कडाका गेला नव्हता. मान पाठीमागून भाजत होती. कॅमेऱ्याच्या पडद्यावर उजेडाने काही दिसेना, ओढणी डोक्यावरून घेऊन कशीबशी फ्रेम लावली. या वेळी कॅमेरा खाली झुकवला, अव्वाला जमीन दिसावी म्हणून. आभाळात एक ढग नव्हता. का कोण जाणे, फोटो काढताना खूप शांत वाटत होतं... जेवण झाल्यावर डोळा लागतो ना, तसं.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत फाइल उघडली. खालचा भाग काळपट आला होता. मला वाटलं एक्सपोजर चुकलं. म्हणून गडद भाग हळूहळू उजळत नेला, आणि त्या काळोखातून आधी पानं वर आली. पानांमधून पडलेले उन्हाचे कवडसे. मग फांद्या, मग खोड. मुरमावरून, कोवळ्या उसावरून थेट पलीकडच्या बांधापर्यंत, एका मोठ्या झाडाची सावली आडवी पसरली होती.

अमर मागे येऊन उभा राहिला. "ताई, सावली भारी पडलीय की. पन झाड कुठं हाय?"

मी त्याला गप्प बसायला सांगितलं. आधीच्या जोडकामातला एखादा लेयर चुकून आला असेल म्हणून सगळे बदल काढून मूळ फाइल उघडली. सावली होती. कार्ड परत कॅमेऱ्यात घालून मागच्या पडद्यावर बघितलं. तिथेही होती. जुना फोटो म्हणावा, तर कोपऱ्यात नवं रेलिंग चकाकत होतं. शेवटी अमरनेच बोट ठेवलं. सूर्य पाठीशी होता, मग माझी आणि ट्रायपॉडची सावली समोर पडायला हवी. ती कुठेच नव्हती. सावलीत उभ्या असलेल्या माणसाची वेगळी सावली पडत नाही. पण मी उन्हात उभी होते, मान भाजत होती!

अव्वाला मी काही न सांगता लॅपटॉप पुढे केला. नजर अरुंद झाल्यामुळे ती पडद्याला नाक लावून तुकड्या-तुकड्याने बघायची. फांदीवरून बोट सरकवत सरकवत ती एका मोकळ्या जागेपाशी थांबली.

"हितली फांदी तुझ्या अप्पांनी तोडली हुती. उसाची गाडी आडायची म्हनून. किती भांडलो आमी त्या दिशी."

ही फांदी मला माहीतही नव्हती. माझ्या जन्माआधीची गोष्ट. अव्वाने झाड कुठे आहे हे विचारलंच नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. मीही तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. तो फोटो मी जसाच्या तसा मोठा छापून तिच्या कॉटसमोर लावला. कुठलाही फोटो हात लावल्याशिवाय न सोडणारी मी, त्यात एक ठिपका बदलला नाही.

पावसाळा संपता संपता तिची नजर गेली. आता तिला फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळतं.

या उन्हाळ्यात जत्रेला तिला घेऊन गावी गेले होते. वळणावर तिने गाडी थांबवायला लावली. भर दुपार. तिच्या हातात काळी छत्री, दुसऱ्या हाताने माझा दंड धरलेला. भरावावर आल्यावर तिने माझा दंड सोडला, पायाने जमीन चाचपत थोडं पुढे गेली आणि थांबली. मग तिने शांतपणे छत्री मिटली आणि खाली बसली.

मी कॅमेरेवाल्या मित्रांना तो फोटो दाखवला आहे. लेन्स, सेन्सर, दोन फोटो एकावर एक येणं, सगळे तर्क करून झाले. एकही बसत नाही. कुणी उत्तर दिलं तर मी ऐकून घेईन. पण त्या दुपारी अव्वाने मान वळवून, मी होते बरोबर त्या दिशेला बघत विचारलं,

"तू उनात का हुबी ऱ्हायलीस ग? ये की आत."

मी गेले. तिच्याशेजारी बसले. डोक्यावर ऊन होतं, हे मी खात्रीने सांगते, कारण मला ते दिसत होतं. मिटलेली छत्री तिने माझ्या मांडीवर ठेवली होती. आम्ही बराच वेळ बसलो, आणि ती उघडावी असं मला एकदाही वाटलं नाही.