पॅसेंजरवरच्या तोफा

संस्थानं विलीन होत होती ते दिवस. आमच्या बुऱ्हाणपुरात राजाच नव्हता, त्यामुळे आमचं काही अडलं नाही. पण मामासाठी मुलगी बघायला आम्ही फोपनारला गेलो, तिथे मुलीच्या आजोबांचा पुतण्या एका संस्थानच्या कचेरीतली नोकरी जाऊन घरी बसला होता. आजोबांना आता नातीसाठी पक्क्या नोकरीचा नवरा हवा होता.

मुलगी मामाला दारातच आवडली. मला ते त्याच्या कानांवरून कळलं. ते लाल होतात.

"लढाईत कुठं होते तुम्ही?" आजोबांनी विचारलं.

"पॅसेंजर लायनरवर."

"पॅसेंजरवर! म्हणजे लाइनीवर!" आजोबा खुलले. आमच्याकडे पॅसेंजर म्हणजे प्रत्येक स्टेशनावर थांबणारी आगगाडी आणि लाइन म्हणजे रूळ. "घ्या जावईबापू, दराबा घ्या." त्यांनी रव्या-तुपाच्या त्या गोडाची वाटी मामापुढे सरकवली.

जावईबापू म्हटल्यावर मामाला आणखी जोर चढला.

"लढाई लागली अन् तिच्यावर तोफा बसवल्या."

"तोफा? आमची पॅसेंजर तर तोफांशिवायच लेट येते!"

"सगळी राखाडी रंगवली. साहेब-मडमा नाचायचे तिथं खलाशांच्या झोळ्या टांगल्या. मी आधी सूप वाढायचो, मग तोफेचे गोळे उचलायला लागलो."

"डब्यात पाय ठेवायला जागा नसते, अन् नाचतात कुठं?" आजोबा माझ्याकडे वळले. "बाई, तू इंग्रजी शाळेतली. सांग, मामा फेकतो का?"

परक्या घरी मी पाणीसुद्धा मागत नाही. पण मामा माझ्याकडे बघत होता.

"फेकत नाही, आजोबा," मी सतरंजीकडे बघत म्हटलं. "ही पॅसेंजर आगगाडी नाही. जहाज आहे. समुद्रावरचं."

"म्हणजे रेल्वेत नाही?"

"नाही," मामा म्हणाला. "आता पॉवरलूमवर आहे."

आजोबांनी दराब्याची वाटी हळूच स्वतःकडे ओढली. "असं होय, भाऊ." जावईबापूंचा एका घासात भाऊ झाला. "लढाईवर जाऊन आलेला माणूस घरात टिकत नाही, असं आपलं मला वाटतं."

मामाचे कान पांढरे पडले. आई पदर सावरून उठायच्या बेतात होती. तेवढ्यात इतका वेळ पाटावर मान खाली घालून बसलेली मुलगी बोलली. खरं तर विचारायचं आम्ही आणि उत्तरं द्यायची तिने.

"लढाई संपल्यावर त्या जहाजाचं काय केलं?"

"परत सवारीचं केलं," मामा घाईने म्हणाला. "तोफा काढल्या, गाद्या घातल्या, पांढरा रंग दिला. पडद्यांचा दारूगोळ्याचा वास तेवढा जाईना."

"उन्हात टाकायचे," ती म्हणाली. "जातो."

मामाचे कान पुन्हा लाल झाले. आजोबांनी नातीकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं, आणि वाटी परत सरकवली.

"घ्या, जावईबापू. गावात मात्र मी एवढंच सांगणार, पोरगा पॅसेंजरवर होता."