दुसरा परीक्षक

जगात घडणारी प्रत्येक गोष्ट बालरोगशास्त्राच्या संशोधन मासिकात कुठल्या ना कुठल्या सदरात बसतेच, असं मनापासून मानणारा एकच माणूस या पृथ्वीवर आहे, आणि तो जुळे सोलापुरात माझ्या घरापासून तीन गल्ल्या पलीकडे राहतो. आम्ही एका वर्गात शिकलो, दोघेही लहान मुलांचे डॉक्टर झालो. त्याच्या दवाखान्यात खेळणी कमी आणि त्या मासिकाचे जुने अंक जास्त. आमटीत मीठ जास्त पडलं तर हा तक्रार करत नाही. "संपादकाला पत्र आहे, थोडक्यात आटोपतो," म्हणतो. सोसायटीच्या बैठकीत नळाला पाणी कधी येणार यावर दोन तास भांडण झालं, तेव्हा हा शांतपणे उठून म्हणाला, "आढावा लेख झाला हा. जुनंच सगळं गोळा केलंय. निष्कर्ष कुठाय?" कुर्डुवाडीचा मेहुणा आपल्या पित्ताच्या खड्याची गोष्ट तिसऱ्यांदा सांगू लागला, तर याचं उत्तर, "पाहुणे, केस रिपोर्ट एकदाच छापतात की!" वहिनी सांगतात, मुलीला स्थळ आलं तेव्हा यानं मुलाच्या वडिलांना विचारलं होतं, "माहिती छान आहे, पण संदर्भ?"

त्याचं दुसरं वेड मोज्यांचं. रडतं बाळ आलं की हा कान बघत नाही, पोट बघत नाही. "मोजे काढा आधी." आमच्या गावात मागावर राबणाऱ्यांची घरं पुष्कळ. सुताचा एखादा धागा मोज्यात नाहीतर दुपट्यात राहून जातो, बाळाच्या पायाच्या बोटाला गुंडाळतो, बोट सुजतं आणि बाळ नुसतं रडत राहतं. वेळेत कळलं नाही तर बोटावर बेततं. अशा एका बाळाचा केस रिपोर्ट त्यानं अकरा वर्षांपूर्वी त्या मासिकाला पाठवला. आयुष्यात पाठवलेला तेवढा एकच. लेख छापायचा की नाही हे दोन डॉक्टर वाचून सांगतात, त्यांना परीक्षक म्हणतात. पहिल्याला आवडला होता. दुसऱ्यानं एक ओळ लिहिली, "यात नवीन काही नाही." लेख परत आला.

तेव्हापासून दुसरा परीक्षक हा त्या घराचा कायमचा खलनायक. स्कूटर सुरू झाली नाही, दुसरा परीक्षक. दूध नासलं, दुसरा परीक्षक. "मुंबईचा असणार बघ," तो मला सांगायचा, "एसीत बसून लिहिलंय. बाळाचा पाय फक्त पुस्तकात बघितलाय गड्यानं." मी समोर बसून चहा प्यायचो आणि मान डोलवायचो.

तो दुसरा परीक्षक मी होतो.

परीक्षक कोण हे लेखकाला कळत नाही, पण लेखाच्या डोक्यावर त्याचं नाव मला दिसत होतं. हा माझा मित्र आहे, लेख दुसऱ्या कुणाला द्या, एवढं संपादकांना कळवायला हवं होतं. नाही कळवलं. त्याच महिन्यात माझा स्वतःचा लेख परत आला होता, आणि याचा छापून आलेला मला बघवला नसता. कारण एवढंच आहे, याहून मोठं काही नाही.

गेल्या महिन्यात माझ्याकडे एक बाई चार महिन्यांची रडती पोर घेऊन आली. मी कान पाहिले, पोट पाहिलं, पोटदुखीचे थेंब लिहून दिले. दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम परत आली. "सर, तुमच्या औषधानं काय न्हाय झालं. त्या मोजेवाल्या डॉक्टरांनी बोटाचा दोरा काढला बघा. कशी खेळायलीय आता!" इवल्याशा बोटाभोवती लाल वळ होता. मी मोजे काढले नव्हते.

त्याच संध्याकाळी त्याच्याकडे गेलो. वहिनींनी चहा ठेवला.

"दुसरा परीक्षक मी आहे," मी म्हणालो.

"कशाचा?"

"तुझ्या लेखाचा. दोऱ्याच्या."

वहिनी आत निघून गेल्या. त्यानं वाकून माझ्या कपात बघितलं.

"तू माझ्याकडं चहा अर्धा टाकतोस. इतकी वर्षं बघायलोय. मी हिला म्हणायचो, याला आलं सोसत नसेल, कमी घाल. लक्षण समोर होतं की रे. निदान चुकलं माझं."

"शुद्धिपत्र लिहितो," मी म्हणालो.

"शुद्धिपत्र छापून आलेल्याचं असतं. माझं छापलंय कुठं?"

हसला तो, पण नेहमीचं हसू नव्हतं. मग टेबलाचा खण ओढून त्यानं तो जुना लेख काढला. "आता दोन बाळं झाली. एकाला मी बघितलं, दुसरीला आधी तू बघितलंस, तिच्या आईनं सांगितलंय मला, आणि चुकलास. ते तू लिहायचं. सगळं."

त्या पोरीच्या आईची संमती घ्यायला आम्ही दोघे गेलो. "छापा की," ती म्हणाली, "पण नाव नका घालू. उद्या पोरीला स्थळं बघायचीत."

आता रविवारी सकाळी आम्ही लिहायला बसतो. माझा परिच्छेद त्यानं दोनदा परत केलाय. या खेपेला परीक्षक कोण मिळेल, काय म्हणेल, ठाऊक नाही. वहिनी चहात पुन्हा पहिल्याइतकं आलं घालू लागल्यात. मी कप पूर्ण रिकामा करतो, आणि तो बोलता बोलता जरासा वाकून, मला दिसणार नाही अशा बेतानं, त्याचा तळ बघून घेतो.