नाण्याएवढा सेल
गाडीच्या किल्लीतला नाण्याएवढा सेल बदलायला काढला, की बोईसरच्या त्या कॉम्प्युटरवाल्यावरचा माझा राग आजही उफाळून येतो. माझ्या वर्कशॉपमध्ये रसायनांच्या आडव्या टाक्या बनतात. टाकीत पट्टी बुडवून ओल्या इंचांवरून लिटर काढायचा हिशेब माझ्या दिवंगत भागीदाराने जुन्या ग्राफिंग कॅल्क्युलेटरमध्ये भरून ठेवला होता. दुसरीकडे तो कुठेच नव्हता. कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरच्या रेषा उडायला लागल्या, म्हणून तो हिशेब कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायला मी त्याच्या दुकानात गेलो. जुन्या केबलचं रुंद टोक नव्या कॉम्प्युटरला बसेना, तेव्हा दुकानदाराने मध्ये जोडायला अडॅप्टर काढला. घासाघीस करून मी त्याला निम्म्या किमतीवर आणलं. पण अडॅप्टर जोडला तरी कॉम्प्युटर कॅल्क्युलेटरला ओळखेना. पंखा बंद, बाहेरून टँकरांचा उग्र वास, माझं डोकं तापलेलं. "शेट, सेल काढून परत घालू. मोबाईलला आमी असंच करतो," म्हणत, मी हात धरेपर्यंत त्याने मागचे चारही सेल काढले, आणि आतली माहिती सांभाळणारा नाण्याएवढा गोल सेलही. परत घातल्यावर कॉम्प्युटर टिंग वाजला. "बघा, वळखला! उगाच तापत होते तुमी." मी कॅल्क्युलेटरमधली हिशेबांची यादी उघडली, तर ती रिकामी. "आतलं कुठे गेलं?" मी ओरडलो. "ते मला काय ठाव? जोडून द्या बोलले, जोडून दिलाय." अडॅप्टर अजून उत्तम चालतो. मी मात्र आता प्रत्येक नव्या टाकीत मापाच्या पिंपाने पाणी ओततो, पट्टीवर खूण करतो, आणि दर पिंपाला त्याला एक शिवी घालतो.