कोळ्यांची स्पॅनिश

लातूरजवळच्या मुरुडच्या शाळेत आम्हाला मराठी शिकवायला पुण्याकडचे एक सर आले, ते दुष्काळाचं वर्ष होतं. आमच्या बौद्धवाड्यातली सगळी घरं पाझर तलावाच्या कामावर जात. सुट्टीच्या दिवशी मीही आईसोबत खडी फोडायला जायची. एका सोमवारी सरांनी मला विचारलं, "धडा वाचलास का?"

"न्हाई सर. कामावर गेल्ते."

"न्हाई?" सर हसले. "म्हणजे न्हायली नाहीस होय? ते दिसतंच आहे."

सगळा वर्ग खदाखदा हसला. गावात प्यायला पाणी नव्हतं, तिथं न्हाण्यावरचा तो विनोद. मग त्यांनी मला बाकावर उभं केलं आणि तास संपेपर्यंत "नाही, नाही" म्हणायला लावलं. शेवटी म्हणाले, "तुमच्या वस्तीत जिभेला वळणच नाही. त्यात निजामानं अरबी-फारसी कचरा टाकून ठेवलाय." त्या दिवसापासून पोरं मला "न्हाई" म्हणूनच हाक मारू लागली.

मी घरी रडले नाही. ह्या माणसाला असंच भर लोकांत उभं करायचं, एवढंच ठरवलं. कसं, ते मात्र सुचत नव्हतं.

तलावाच्या कामावर लेकरांना दूध वाटायला एक परदेशी नर्सबाई यायची. आम्ही तिला शिस्टर म्हणायचो. ती स्पेनची, दक्षिणेकडच्या समुद्रकाठची, कोळ्याची मुलगी. मी तिच्या हाताखाली पातेली घासायची आणि ती माझ्याशी तिच्या भाषेत बोलत राहायची. मासा म्हणजे पेस्काओ. आभार म्हणजे ग्रासिया. दोन वर्षांत मी तिच्याशी भांडण्याइतकी स्पॅनिश शिकले.

एकदा मी तिला बाकावरची गोष्ट सांगितली. शिस्टर पातेलं खाली ठेवून म्हणाली, "मला माद्रिदच्या नर्सिंग शाळेत असंच हसले होते. आम्ही कोळी लोक शब्दांची शेपटं गिळतो ना. ते म्हणतात ग्राथियास, मी म्हणते ग्रासिया. ते पेस्कादो म्हणतात, मी पेस्काओ."

"मग तुम्ही काय केलं?"

"काही नाही. पण अमेरिकेला गलबतं गेली ती आमच्या किनाऱ्यावरून. खलाशी आमचे, घरदार घेऊन गेलेले कितीतरी लोक आमचे. आज तिकडचा एवढा मोठा मुलूख आमच्यासारखा 'स' म्हणतो. राजधानीचा 'थ' राहिला थोड्या लोकांपुरता."

हे ऐकून मला जो आनंद झाला, तो दुधाचा पेला मिळूनही कधी झाला नव्हता.

शिस्टर पुढे मायदेशी परत गेली. मी नांदेडला बीए केलं आणि हैदराबादला जाऊन इंग्रजीत एमए करता करता स्पॅनिश रीतसर शिकले. तिथं मला त्या भाषेचा इतिहास वाचायला मिळाला. ती पंडितांच्या लॅटिनमधून आलेली नव्हती. शिपायांच्या, बाजारकरूंच्या बोलीतून निघाली होती. तिच्यात शेकडो वर्षांच्या अरबी अमलातले शब्द मुरलेले होते. तेलाला त्यांचा शब्द अरबी, कापसाला अरबी. साखरेला ते असुकार म्हणतात, तोही शब्द अरबांच्या हातून गेलेला. "देव करो" म्हणताना ते ओहाला म्हणतात, त्यात अल्ला आहे. तो कचरा काढायला कुणी झाडू घेऊन गेलं नव्हतं. वाचताना मला सर आठवायचे. ज्या हजेरीत ते माझं नाव पुकारत, ती अरबी. ज्या खुर्चीवर बसून हसले, ती अरबी.

लातूर नवा जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, कॉलेजं वाढली. मी तिथल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवू लागले. लग्नानं आडनाव बदललं होतं. एका संध्याकाळी सर दारात उभे. केस पांढरे, सोबत इंजिनियर मुलगा.

सरांनी मला ओळखलं नाही. म्हणाले, "बाई, याच्या साखर कारखान्यात स्पेनची मशिनरी येतेय. याला तिकडे ट्रेनिंगला पाठवणार आहेत. अख्ख्या जिल्ह्यात स्पॅनिश येणाऱ्या तुम्ही एकट्याच. पण शुद्ध शिकवा हं, राजधानीची."

"शिकवते की," मी म्हणाले.

आणि मी त्याला शिस्टरची स्पॅनिश शिकवली. एकही शब्द खोटा नाही. गिळलेली शेपटं, पेस्काओ, ग्रासिया, कोळीवाड्याच्या शिव्यासुद्धा. मुलगा हुशार होता आणि मनापासून शिकायचा. तो जितका छान बोलायचा, तितका मला जोर चढायचा.

माद्रिदचा इंजिनियर आला तेव्हा कारखान्यावर मांडव घातला होता. सर पहिल्या रांगेत, रेशमी कोसा फेटा बांधून. मी दुभाषी म्हणून माइकजवळ. मुलगा स्वागताचं बोलू लागला आणि पाहुणा आधी चकित झाला, मग पोट धरून हसला. हसता हसता काहीतरी म्हणाला.

सरांनी अधीरपणे विचारलं, "काय म्हणाले? आवडलं ना?"

मी माइक हातात घेतला. "साहेब म्हणतात, मुलगा दक्षिणेच्या कोळ्यांसारखा बोलतोय. त्यांच्या शाळेत असं बोललं तर सांगायचे, जिभेला वळण नाही."

मांडवात हशा झाला. सर उठून उभे राहिले. "बाई, तुम्ही शुद्ध शिकवलं नाही?"

"न्हाई सर," मी माइकवरच म्हणाले. "मुरुडच्या शाळेतली मी. तुम्ही बाकावर उभी केलेली."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. ओळख पटताना माणसाचं तोंड कसं होतं, ते मी अगदी निवांत पाहून घेतलं. ते तसेच उभे होते. बसा, असं मी त्यांना म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगा एकटा आला, डोळे लाल. "तुमचं भांडण बाबांशी. मला कशाला वापरलंत?"

"कारण त्यांना तुझ्याशिवाय दुसरीकडे कुठं लागलं नसतं."

तो खुर्ची ओढून बसला. मग म्हणाला, "पाहुण्यानं जेवताना मला शेजारी बसवलं. त्याची आजी असंच बोलायची म्हणे. हसता हसता डोळे पुसले त्यानं. ट्रेनिंगला मलाच पाठवायचं पक्कं झालंय." वही पुढे सरकवून म्हणाला, "मला आता माद्रिदचंही शिकवा. हे मात्र सोडणार नाही."

मी शिकवलं. त्याच्याशी माझं काही वैर नव्हतं. सर त्याला स्कूटरवरून सोडायला येत. भर उन्हात रस्त्यापलीकडच्या कडुलिंबाखाली उभे राहत, पण आत येत नसत. उन्हाळा कडक होता. माझी सासू एकदा म्हणाली, "म्हातारा माणूस हाय, पाणी तरी इच्यार."

मी खिडकी लावून घेतली आणि मुलाला पुढचं क्रियापद चालवायला सांगितलं.